पोलोचे ब्रेक : जुलै ते जानेवारीच्या नोंदी

२४ जुलै २०२४, बुधवार

काल रात्री साडेअकराला नाशकात पोचलो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवरून निघण्याआधी सोबत नेलेले जुने ब्रेक पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवणारे) चढवले, ताजं ब्रेक ऑइल भरून त्यातली हवा काढली आणि मगच गाडी हायवेला घेतली. हुबळीला मुक्काम. मयूर चालवत होता आणि मी शेजारी बसून वहीत लिहीत होते. त्यातलं निम्मं अक्षर आज मलाच लागत नाही, म्हणून ताजं आहे तोवर पुन्हा उतरवून ठेवते.

गाडी २०११ ची पोलो १.६ पेट्रोल, १०५ अश्वशक्तीची. मागची सीट आणि गालिचे काढलेत, इंजिनाला हात लावलेला नाही. पुढे २५६ मि.मी. व्यासाच्या, २२ मि.मी. जाडीच्या, मधून हवा खेळणाऱ्या डिस्क. मागे ड्रम. पॅड रोजच्या वापराचे. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन पावसाळे पाहिलेलं. हे शेवटचं वाक्य लिहिताना लाज वाटते आहे.

इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. शनिवारी पहिल्या सेशनला तीन लॅप (फेऱ्या) मजेत गेले. चौथ्यापासून पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबेना. पाय दुखेपर्यंत दाबलं तरी ढकलल्यासारखी पुढेच. खिडकीतून करपलेला वास. रविवारी बरोबर उलटं झालं : पेडल मऊ पडलं, अर्ध्याच्या खाली गेलं, दोनदा पंप केल्यावर वर आलं. मी हात वर करून पिटमध्ये आले आणि दिवस तिथेच संपवला.

हे दोन वेगळे आजार आहेत. पेडल घट्ट आणि गाडी थांबत नाही, तर दोष पॅडचा : त्यातलं रेझिन जळतं, वायू सुटतो, घर्षण घसरतं. पेडल आत जातं, तर दोष ऑइलचा : कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ते उकळतं, आणि द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते. मला दोन्ही झाले. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेत) जो तो फक्त पॅडचीच नावं सांगत होता, ऑइल कधी बदललं हे एकानेही विचारलं नाही.

२७ जुलै, शनिवार

रफीकचाचांच्या गॅरेजला, नाशकातल्या द्वारका चौकाजवळ. चाक काढल्याबरोबर चाचांनी हवेचा पाइप उचलला तो मी हातातून काढून घेतला. पॅडची धूळ हवेने उडवायची नाही. कुठल्या जमान्यातलं, कुठल्या डब्यातलं मटेरियल आहे, त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे धूळ बघून कळत नाही. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसलं. चाचा म्हणाले, "चाळीस वर्षं हेच खातोय ताई, आता काय होणार!" मी म्हटलं, पोरगं शेजारी उभं आहे ना कामाला. मग काही बोलले नाहीत, ओलं फडकं स्वतःच घेतलं.

ट्रॅकवर वापरलेले पॅड पिशवीतून काढून मोजले. मटेरियल बाहेरच्या बाजूला ६ मि.मी., आतल्या बाजूला ५. कडा चुरा होऊन पडतात. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. डिस्क मायक्रोमीटरवर २१.४, खालची मर्यादा १९, म्हणजे जीव आहे. पण डिस्कवर निळसर पट्टा आलाय.

तो पट्टा बघून मला हसू आलं. अंबडला आमच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये मी हाच रंग रोज बघते. पोलाद टेम्पर करताना सव्वादोनशेच्या आसपास गवती पिवळा, तीनशेला निळा. पण हा रंग तापमानाइतकाच वेळेवरही असतो. एक तास ३०० अंशांवर ठेवलेल्या आणि काही सेकंद ४५० अंश पाहिलेल्या लोखंडाचे रंग जवळपास सारखे दिसू शकतात. म्हणजे "तापली होती" एवढंच कळलं, किती ते नाही. आणि किती तापते हे माहीत नसताना पॅड घेणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

२९ जुलै, सोमवार

कंपनीच्या ट्रक काट्यावर गाडी तोलली. मी आत, टाकी अर्धी : १,१२० किलो. काटेवाल्याने पावती देताना विचारलं, माल काय? मी म्हटलं, मीच.

जेवणाच्या सुट्टीत केलेला हिशेब. सगळ्यात जोराचं ब्रेकिंग १५० वरून ७० वर. सेकंदाला ४१.७ मीटरवरून १९.४ वर. गतिज ऊर्जेतला फरक साधारण ७६० किलोज्यूल. त्यातला तीन चतुर्थांश पुढच्या दोन डिस्क झेलतात असं धरलं तर एकेकीला २८५. डिस्क पाच किलोची, बिडाची उष्माधारकता किलोला अर्ध्या किलोज्यूलला थोडी कमी. एका ब्रेकिंगमध्ये डिस्क सुमारे १२० अंशांनी चढते. वाऱ्याचा अडथळा आणि इंजिनचा ब्रेक यांचा वाटा वजा केलेला नाही, तेव्हा आकडा जरा फुगलेला आहे. उलट, डिस्कच्या मधल्या टोपीपर्यंत उष्णता तेवढ्या वेळात पोचत नाही, म्हणून घासणारी कडी याहून जास्त तापते. दोन्ही चुका एकमेकींना थोडं सांभाळून घेतील.

एका लॅपमध्ये असं मोठं ब्रेकिंग चार-पाच वेळा. मधल्या वेळात जेवढं थंड होतं त्याहून जास्त साठत जातं, आणि चौथ्या लॅपला माझं पेडल दगड झालं. हिशेब आणि पाय दोघांचं एकमत झालं.

मयूरचा प्रस्ताव : कसारा घाट दोनदा उतरू, ब्रेक तापवून बघू. नको. एक तर तो ट्रकांचा रस्ता आहे, प्रयोगशाळा नाही. दुसरं, घाटात ब्रेक मंद आचेवर सलग तापतात, डाळ शिजल्यासारखे. ट्रॅकवर फोडणीसारखे, तीन सेकंद कडकडीत आणि मग वारा. घाटात टिकलेला पॅड ट्रॅकवर टिकेलच असं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून पाऊस, त्यामुळे दिवसभर फोन आणि कॅटलॉग.

एक बरं आहे : पोलोचा हा पॅड व्हेंटो, रॅपिड, फाबिया अशा बऱ्याच गाड्यांना चालतो. आकार जगभर पसरलेला असल्याने रेसिंग पॅड करणारे तो बनवतात. आमच्या ओळखीत एक जण जुनी एस्टीम पळवतो. त्याला जुन्या प्लेटवर नवं मटेरियल चिकटवून घ्यावं लागतं. ड्रमच्या लायनरला हे काम गावोगाव होतं आणि चालतंही, पण डिस्कच्या पॅडला ४०० अंशांवर तो गोंद धरेल का हे कोणी लिहून देत नाही. मटेरियल प्लेटपासून सुटलं तर लोखंडावर लोखंड.

पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती वाचायला शिकले. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. माझ्या जळलेल्या पॅडवर एफएफ होतं. म्हणजे अक्षरं खोटी नव्हती. फक्त "गरम"ची त्यांची कल्पना रस्त्यावरची आणि माझी ट्रॅकवरची. रेसिंग पॅड घेताना या अक्षरांचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे कंपनीने काढलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख मागायचा. ती रेघ सपाट आहे का, चढते का, कुठे कोसळते.

रंगांवरही जाऊ नये. ईबीसीचा यलोस्टफ आणि पिवळ्या प्लेटचा पॅगिड आरएस २९ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पहिला रस्ता आणि अधूनमधून ट्रॅकचा, दुसरा लांब पल्ल्याच्या रेसचा. हॉकचे डीटीसी ३० आणि ६० यांतला आकडा तापमानाचा नाही, पकड किती जोराची त्याचा.

वहीत उरलेली नावं : फेरोडो डीएस २५००, मिंटेक्स ११४४, हॉक डीटीसी ३०, पॅगिड आरएस २९, कार्बोटेक एक्सपी ८. मला वाटतं वरचं टोक जितकं उंच तितकं बरं. एकदा जळालेल्या माणसाला असंच वाटणार.

चाचांचं मत वेगळं. नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे, रॅली ऑफ महाराष्ट्र इथे व्हायची. चाचांनी पूर्वी बऱ्याच रॅली गाड्यांची चाकं उघडलीत. ते म्हणाले, "थंड असताना चावतो तो पॅड घ्या. गरम सगळेच चावतात." मी मनात म्हटलं, मातीवरचा सल्ला. मातीला पकडच कमी, तिथे ब्रेक तापणार किती? आणि एक स्टेज (रॅलीचा टप्पा) संपून दुसरी सुरू होईपर्यंत सगळं गार. डांबरावर हे लागू नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

मुंबई. पंचवटी एक्सप्रेसने गेले आणि तिनेच परत आले. ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांमध्ये गाडीचा कोणताही तुकडा मिळतो असं लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ते खरं आहे. अडचण एवढीच की काही तुकडे दोन-दोन जातींचे मिळतात.

एका दुकानात नामांकित कंपनीचा डबा निम्म्या भावात समोर आला. डबा सुरेख. पॅड हातात घेतले : चारही प्लेटांवर बॅच नंबर नाही, दोन पॅडच्या तिरप्या कडा एका मापाच्या आणि दोन वेगळ्या, मागच्या रंगाखाली गंजाचे ठिपके. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, एक्स्पोर्टचा माल आहे." एक्स्पोर्टचा माल इथे कसा, हे विचारण्यात अर्थ नव्हता. खिशात व्हर्निअर घेऊन फिरणारी बाई बघून त्याने डबा परत ठेवला आणि खरा काढायचा प्रयत्नही केला नाही.

मिळालं ते एवढंच : मोट्यूल आरबीएफ ६०० च्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. कोरड्या अवस्थेत उत्कलनबिंदू ३१२ अंश. डॉट ४ चा किमान दर्जा २३० आहे, आणि ओलावा शोषल्यावर १५५. माझं ऑइल दोन पावसाळ्यांनंतर या दोन आकड्यांपैकी कोणाच्या जवळ होतं ते सांगायला नको. नाशिकचा श्रावण त्यात उतरला होता.

१७ ऑगस्ट, शनिवार

पुण्याचा एक मित्र रेसिंग सोडतोय. त्याच्याकडे माझ्याच आकाराचा, पूर्ण रेसच्या मटेरियलचा पॅडचा सेट, ८ मि.मी. शिल्लक. पाच हजारांत दिला. पत्रकावर ३०० ते ८०० अंश लिहिलंय. पॅडचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या पॅडचा काही दोष नाही.

त्यानेच टेम्परेचर पेंटच्या तीन बाटल्याही दिल्या. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर ठिपके द्यायचे : हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. सगळ्या सामानात मला सर्वात जास्त आनंद याचा झाला.

२५ ऑगस्ट, रविवार

मागचे ड्रम उघडले. डाव्या व्हील सिलिंडरला पाझर, त्या बाजूचे लायनर तेलकट. दोन्ही सिलिंडर आणि लायनर नवे टाकले. म्हणजे जुलैमध्ये मागच्या चाकांपैकी दीडच काम करत होतं, आणि ते ओझं पुढच्यांवर. पुढच्या पॅडबद्दल मी महिनाभर आकडेमोड केली आणि मागचा ड्रम आज उघडला.

कंपनीच्या लेथवर डिस्कवरून हलका हात फिरवून घेतला, २१.४ च्या २१.२ झाल्या. जुन्या पॅडचा थर डिस्कवर राहतो. त्यावर दुसऱ्या जातीचा पॅड चालवला तर दोघांचं भांडण पायाला थरथरून कळतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

शनिवार-रविवार पुन्हा इरुंगट्टुकोट्टई. जाताना रस्त्याचे पॅड, तिथे पोचून रेसचे, परतताना पुन्हा रस्त्याचे. रेसचे पॅड हायवेला थंड असताना धरत नाहीत, तेव्हा ही अदलाबदल टाळता येत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी पॅडॉकच्या उकाड्यात दोन तास त्यात गेले.

सेशन वीस मिनिटांचं, माझ्या वेगाने आठ लॅप. पहिला लॅप : ब्रेक नाहीतच म्हणा. पेडल घट्ट, गाडी हलक्या हाताने थांबते. दुसरा : थोडं थोडं. तिसऱ्याच्या मध्यावर अचानक जाग आली आणि दार आपटावं तसं चाक धरलं. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली तडतडलं, गाडीचं नाक खाली, मागची बाजू हलकी. चौथा सुंदर. पाचव्यात कोणीतरी मातीत गेलं आणि पिवळा झेंडा आला. एक लॅप सावकाश, आणि पॅड पुन्हा झोपले. त्यानंतरच्या पहिल्या वळणाला मी जवळजवळ सरळ गेले.

आठ लॅपपैकी मला ब्रेक होते चार. सातवा लॅप जुलैच्या सर्वोत्तमापेक्षा दोन सेकंदांनी बरा. ते दोन सेकंद बघून मयूर नाचला. मी पहिल्या वळणाचा विचार करत होते.

ऑइलने मान खाली घातली नाही, पेडल एकदाही मऊ पडलं नाही. तो प्रश्न मिटला.

आणि पेंट. दोन्ही डिस्कवर हिरवा बदलला. केशरी जसाच्या तसा. लालची तर बातच नाही. म्हणजे माझ्या गाडीच्या डिस्क या ट्रॅकवर, माझ्या पायाखाली, ४३० च्या वर आणि ५६० च्या आत. मी ८०० अंशांचा पॅड घेऊन बसलेय आणि गाडी अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. पॅडचा पृष्ठभाग क्षणभर डिस्कहून जास्त तापतो हे खरं, तरी ८०० नाही.

डिस्क २०.९. दोन दिवसांत ०.३ गेली आणि ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडल्या. कमी तापलेला रेसचा पॅड डिस्कला नुसता खरवडतो.

चाचांना हे सगळं सांगितलं. "मी काय म्हणालो होतो" असं ते बोलले नाहीत. चहा मागवला, हे जास्त लागलं.

२९ सप्टेंबर, रविवार

मागणी बदलली. आता पत्रकात वरचा आकडा नाही, खालचा बघते. १०० ते १५० अंशांवर काय धरतो? २०० ते ५०० मध्ये रेघ सपाट आहे का? सोडताना लगेच सोडतो का, की चिकटून राहतो? वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडायचा असतो, तिथे चिकटणारा पॅड सगळं बिघडवतो.

फेरोडो डीएस २५०० ठरवला. घर्षणांक सरासरी ०.४२, रेघ बरीच सपाट, आणि रस्त्यावरून ट्रॅकपर्यंत तोच पॅड जाईल. पॅडॉकमधले दोन तास वाचले. जुन्या पॅडचं ०.३८ धरलं तर पुढची पकड दहा टक्क्यांनी वाढेल आणि मागे ड्रम आहेत तसेच राहतील. दहा टक्के माझ्या पायाला सांभाळता येतील. रेसच्या पॅडने तोल पुढे इतका झुकवला होता की एबीएस थकलं.

या कंपनीची गोष्ट मला आवडते. १८९७ साली इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने सुरू केली. डर्बीशायरच्या उतारांवर घोड्याच्या गाड्या ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधून उतरायच्या, ते बघून त्याला घर्षणाचं मटेरियल सुचलं. आपल्याकडे घाटात बैलगाडीला लाकडाचा ओंडका लावायचे, तीच ही बिरादरी.

भाव. बाहेरून स्वतः मागवायचा विचार केला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सुट्या भागांच्या शीर्षकाखाली १५ टक्के मूळ ड्युटी होती, त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, आणि सगळ्याच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी. शंभराचा माल एकशे एकोणपन्नासला पडत होता, वर कुरिअर आणि कागदपत्रं. चुकीचा आकार आला तर परत पाठवण्यात जीव जाईल. त्यापेक्षा आयात करणाऱ्या डीलरकडून, पक्क्या बिलावर : १४,२०० रुपये. ॲडव्हान्स देण्याआधी प्लेटचा आणि बॅच नंबरचा फोटो मागितला. त्याने अर्ध्या तासात पाठवला, तेव्हा पैसे टाकले.

डिस्क नव्या, साध्या घेतल्या, जोडी सात हजारांना. भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात छान, पण ट्रॅकच्या तापमानाला भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो. क्वेंचिंगमध्ये (तापलेला धातू झटक्यात गार करताना) आम्ही हेच रोज बघतो : तडा नेहमी भोकाशी नाहीतर कोपऱ्याशी.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

पॅड काल आले. आईने पाटावर मांडून हळदकुंकू लावलं. मी हळूच म्हटलं, घासणाऱ्या बाजूला नको, प्लेटला लाव. गाडीला झेंडू, चाकाखाली लिंबू, टॉर्क रेंचला आपट्याचं पान. मोजमाप : मटेरियल ११.२ मि.मी., चारही सारखे.

२७ ऑक्टोबर, रविवार

डिस्कला हवा. बंपरच्या खालच्या जाळीपासून पुढच्या चाकापर्यंत स्वयंपाकघरातल्या चिमणीचा ॲल्युमिनियमचा पाइप नेला, डिस्कमागचा पत्रा कापून तोंड मधल्या टोपीकडे वळवलं. हवा डिस्कच्या बाहेरच्या तोंडावर नाही, मध्यभागी सोडायची. तिथून ती पाकळ्यांमधून आपोआप बाहेर फेकली जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून पाइप चाकाला लागत नाही ना, हे तीनदा पाहिलं. दिवाळी तोंडावर आणि घरची चिमणी उघडी, त्यामुळे आईने दुसरा पाइप आणायला लावला.

१० नोव्हेंबर, रविवार

नवे पॅड डिस्कवर घासून बसवणं. पहाटे साडेपाच, सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीतला सरळ रस्ता, कुत्री सोडली तर कोणी नाही. मयूर पुढच्या टोकाला टॉर्च घेऊन उभा. ऐंशीवरून वीसवर, मध्यम दाबाने, आठ वेळा, पूर्ण न थांबता. मग पंधरा मिनिटं ब्रेकला पाय न लावता सावकाश चालवत गार केलं. पुन्हा आठ वेळा.

थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही. गरम पॅड जिथे टेकतो तिथे डिस्कवर त्याचा छाप उमटतो, आणि मग लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, थर असमान बसलेला असतो. शेवटी डिस्कवर सगळीकडे सारखी राखाडी झाक आली. येताना सिन्नरला मिसळ.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

१८ आणि १९ ला इरुंगट्टुकोट्टई, तिसऱ्यांदा. नाशिकपासून त्याच पॅडवर गेलो. हायवेला जरा चिवचिवतात, बाकी तक्रार नाही. पोचल्यावर फक्त चाकांचे नट तपासले आणि जेवायला गेलो. बाकीचे लोक जॅकखाली होते.

पहिल्या लॅपच्या पहिल्याच मोठ्या ब्रेकिंगला गाडी थांबली. हेच मला जुलैपासून हवं होतं आणि मी ते मागत नव्हते. आठही लॅपला पेडल एकाच जागी. झेंडा आला, गेला, काही फरक पडला नाही. एबीएस दोनदाच बोललं, दोन्ही वेळा चूक माझी.

सर्वोत्तम लॅप सप्टेंबरपेक्षा ०.४ सेकंदाने मागे. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सहाही लॅप एका सेकंदाच्या आत. मयूरला ०.४ खुपतात. त्याला म्हटलं, तू चालव. त्याने एक सेशन चालवलं, माझ्याहून उशिरा ब्रेक मारतो, आणि उतरल्यावर डाव्या डिस्कचा केशरी ठिपका कडेने किंचित बदललेला. पायागणिक तापमान बदलतं ते असं. त्याला नियमित चालवायचं असेल तर हा पॅड त्याला कमी पडेल.

२६ जानेवारी, रविवार

चाचांकडे मोजणी. उजवीकडे आत ९.५, बाहेर ९.६. डावीकडे बाहेर ९.७ आणि आत ८.६. डिस्क २२.० च्या २१.९.

चार मि.मी.च्या खाली मी पॅड ठेवणार नाही. पातळ झाला की उष्णता अडवायला मटेरियल उरत नाही आणि ती थेट ऑइलला जाते. ११.२ मधून ४ वजा, वापरायला ७.२. उजवीकडच्या झिजेने चार ट्रॅक वीकएंड, म्हणजे दर खेपेला पॅडचे साडेतीन हजार. जाण्यायेण्याच्या पेट्रोलपुढे हा खर्च किरकोळ आहे. डावीकडच्या आतल्या पॅडने मात्र पावणेतीन वीकएंडच.

कारण लगेच सापडलं. डाव्या कॅलिपरची वरची गाइड पिन हाताने सरकेना. आतला रबर बुश फुगलेला. चाचांच्या मते कोणीतरी पूर्वी साधं ग्रीस भरलंय, जे रबराला चालत नाही. कॅलिपर सरकत नाही, पिस्टन आतला पॅड दाबतो, बाहेरचा नुसता बघत बसतो. ही पिन जुलैतही अशीच असणार. तेव्हाचे पॅड मी पिशवीत एकत्र टाकले होते, डावा-उजवा न लिहिता, त्यामुळे ५ आणि ६ चा फरक कोणत्या चाकाचा ते आता कळायला मार्ग नाही.

दोन्ही बाजूंच्या पिना आणि बुश मागवलेत, सिलिकॉन ग्रीसची नळी घेतली. आजपासून पॅडच्या प्लेटवर मार्करने डावा-आत, डावा-बाहेर लिहिलंय. चाचांच्या पोराचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे, त्यानेच लिहिलं.